बाद आजोबांचा समुद्र

आमच्या घरात एकही कप धड नाही. कुणाचा कान वाकडा, कुणाच्या पोटावर फोड, कुणी टेबलावर ठेवला की डुगडुगतो. बश्यांचं तर विचारूच नका. नव्या माणसाला वाटावं, या घरात रोज भांडणं होतात आणि कपबश्या उडतात. तसं काही नाही हो. भांडणं होतात, पण तोंडी. या कपबश्या अशाच जन्माला आल्या, आणि त्यांना घरी आणलं माझ्या सासऱ्यांनी.

सासरे चिनी मातीच्या कारखान्यात तपासनीस होते. भट्टीतून निघालेला माल यांच्या टेबलावर यायचा. कप उचलायचा, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, दिव्यासमोर धरून गोल फिरवायचा, काठावरून अंगठा न्यायचा आणि एकच शब्द बोलायचा. पास, नाहीतर बाद. पास झाला की बुडाशी हिरवा ठिपका, बाद झाला की लाल टोपली. जन्मभर हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळं काय बोलणार? न्हाव्याने कापलेले केस बाद, नव्या पडद्याची शिवण बाद, पोटच्या पोराचं अक्षर बाद. माझा नवरा आजही सही करताना जरा दबकूनच करतो.

लाल टोपलीतला माल पुढे फोडून टाकायचे. पण त्याआधी, शनिवारी सुटताना, ज्याला जे हवं ते त्याने त्यातून घरी न्यावं अशी त्या कारखान्याची रीत होती. बाकीच्यांनी दोन-चार कप नेले आणि कंटाळून सोडून दिलं. सासऱ्यांनी कधी सोडलं नाही. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अहो, या जन्मात एखादा पास झालेला कप आणाल का?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "पास झालेले दुकानात जातात. ते कुणीही घेईल." शेवटी सासूबाईंनीच दुकानात जाऊन एक धड सेट विकत आणला आणि काचेच्या कपाटात ठेवला. पाहुण्यांसाठी. त्याला घरच्यांनी हात लावायचा नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला त्या कपाटातल्या कपातून चहा मिळायचा. काय तो थाट! आणि मग एके दिवशी सकाळी सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यापुढे एक वाकड्या कानाचा कप ठेवला. बोट अडकवायला जावं तर कप भलतीकडेच तोंड फिरवतो असला तो कान. एक शब्द नाही, काही नाही, ठेवला आणि पेपर वाचायला गेले. मी समजायचं ते समजले. नव्याची नवलाई संपली, सूनबाई बाद! न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "अगं, कपच तर आहे." यांना सगळं 'च तर' असतं. तेव्हापासून मी रोज त्याच कपातून चहा पिते आणि रोज पहिल्या घोटाला सासऱ्यांना मनातल्या मनात एक शेलका शब्द ऐकवते. इतकी सवय झाली की त्याशिवाय चहाला चव येत नाही.

असो. सासूबाई गेल्या आणि बाबा, म्हणजे सासरे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे बसलेच. पेपर उघडायचे नाहीत, कुणाला बाद म्हणायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम खारट भाजी वाढली. मुकाट्याने जेवले. मला सासऱ्यांचा राग होता हे खरं, पण तो राग रोज वापरायचा होता मला, असा एकाएकी संपवायचा नव्हता. हा माणूस या खुर्चीतच विझणार, अशी मला धास्ती बसली.

आणि मग शाळांना सुट्टी लागली.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक रिकामी खोली आहे. मोडक्या खुर्च्या आणि गळका पिंप, एवढंच तिथे राहायचं. त्या सुट्टीत आमच्या सेक्रेटरीबाईंच्या मनात आलं की मुलांना काहीतरी शिकवावं. सेक्रेटरीबाई म्हणजे इमारतीच्या कमिटीच्या. त्यांच्या मनात आलं की कमिटीचं एकमत होतं. एक हस्तकलेच्या बाई आणल्या, भिंतीवर 'समुद्रातले प्राणी : घरातल्या वस्तूंपासून' असं रंगीत अक्षरांत लावलं. बाईंनी मुलांना मोज्याचा ऑक्टोपस करायला शिकवला, आणि दुसरीकडे बरं काम मिळाल्याबरोबर त्या गेल्या. राहिली सगळ्या जिन्यांवर धुडगूस घालणारी पोरं आणि घराघरातून गोळा केलेल्या वस्तूंचा ढीग. जुने मोजे, अंड्यांचे ट्रे, कागदी बश्या, बाटल्यांची झाकणं, लोकर, बटणं.

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारी जेवायला घरी आले तर आमची लेक चिऊ जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती. तिला बखोटीला धरून वर आणलं आणि खुर्चीतल्या बाबांना म्हटलं, "बाबा, जरा खाली बसता का या माकडांजवळ? काही करू नका. नुसतं लक्ष ठेवा."

"मला काय येतं त्यातलं?" बाबा म्हणाले.

"काही नाही येत. म्हणूनच म्हटलं, नुसते बसा."

हे त्यांना लागलं असावं. संध्याकाळी घरी आले तर खुर्ची रिकामी! मी खाली धावले. बघते तर काय, खोलीत टेबल मांडलेलं, टेबलावर आमच्या घरचा दिवा, हाताशी हिरव्या रंगाची बाटली, पायाशी पुसायच्या फडक्यांची आमची लाल बादली. मुलं ओळीने उभी. पुढच्या मुलाने अंड्याच्या ट्रेचा खेकडा टेबलावर ठेवला. बाबांनी तो उचलला, टिचकी मारली, दिव्यासमोर धरून गोल फिरवला आणि म्हणाले, "डावी नांगी सुटणार. बाद." खेकडा बादलीत. पुढे कागदी बशीचं कासव. काठावरून अंगठा. "पास." पोटाला हिरवा ठिपका. मुलांचे श्वास रोखलेले. शाळेच्या परीक्षेत ही कार्टी इतकी गंभीर असती तर!

तिथल्या तिथे पोरांनी त्यांचं बारसं करून टाकलं. बाद आजोबा.

आता कुणीही म्हणेल, लेकरांच्या खेळण्याला असलं कुणी करतं का? मीही म्हटलं. बाबा म्हणाले, "मग काय करायचं? बघायचं नाही?" खरं म्हणजे मुलांनी केलेल्या वस्तूकडे कुणी बघतच नाही. आपण म्हणतो 'छान छान' आणि फोनमध्ये डोकं घालतो. हे गृहस्थ मात्र लोकरीच्या जेलीफिशचा एकेक दोरा ओढून बघत होते. मोजा उलटा करून शिवला तर टाका दिसत नाही, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. रात्री जेवताना मला म्हणाले, "भाजीत मीठ जास्त आहे." मी इतकी खूश झाले की नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्ये आली ठकी. ठकी ही सेक्रेटरीबाईंची एकुलती एक. चांगली आहे पोरगी, पण तिला आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही. ठकीने बापाच्या करड्या मोज्याचा ऑक्टोपस केला. पोटात चिंध्या भरल्या, गळ्याशी रबरबँड, खाली कात्रीने पाय. कापता कापता कात्री भरकटली आणि एक पाय गळून पडला. वर एक डोळा कपाळावर गेलेला.

बाबांनी पाय मोजले. पुन्हा मोजले. "ऑक्टोपसला आठ पाय असतात. हा सात पायांचा. बाद."

ठकीचा चेहरा कसा झाला असेल ते सांगत नाही. तिने जे भोकाड पसरलं ते थेट वरच्या मजल्यावर पोचला आणि सेक्रेटरीबाई स्लिपर फटफटवत खाली आल्या.

त्या बाबांना काही बोलल्या नाहीत. मी दुकानातून येईपर्यंत दारात थांबल्या आणि मला बोलल्या. "अहो, कोवळ्या मनावर परिणाम होतो याचा. दुपारी झोपेत सात, सात म्हणत होती."

"पाढे पाठ होतायत म्हणा की."

"चेष्टा नाही ही. रविवारी प्रदर्शन ठेवलंय मी. पाहुणे बोलावलेत. प्रत्येक मुलाच्या वस्तूवर हिरवा ठिपका दिसला पाहिजे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. नाहीतर सोमवारपासून खोलीला कुलूप. रीतसर शिकलेल्या बाई आणीन मी, आणि तुमच्या सासऱ्यांनी आपलं वर आराम करावा."

आराम! खिडकी आणि ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे आली. वर जाऊन बाबांचे अक्षरशः पाय धरायचे बाकी ठेवले.

"बाबा, लावून टाका ना ठिपके. तुमच्या खिशातलं काय जातंय? चिमुकला तर ठिपका!"

"खोटा ठिपका लावू?"

"हो, लावा!"

"मग खऱ्याला काय लावू?" म्हणाले आणि शांतपणे नखावरचा हिरवा रंग काढत बसले. भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

पण ठिपक्याचा प्रश्न आयांनीच सोडवला. आपलं मूल बाद ठरलं तर पाहुण्यांपुढे नाक कापलं जाईल, म्हणून घरोघरी आईबाप कामाला लागले. मुलांना निजवून स्वतः कात्र्या घेऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून जो माल यायला लागला, काय सांगू! पट्टीने आखलेले मासे. आठ पाय एका मापाचे. सेक्रेटरीबाईंचे यजमान इंजिनियर, त्यांनी बाटलीचा देवमासा केला, तो दाबला की डोक्यातून पाणी उडवतो. बाबा एकेक उचलत होते, फिरवत होते. पास. पास. पास. लाल बादली रिकामी पडली. मुलं भिंतीला टेकून जांभया देत होती, कारण त्यांना करायला काही उरलंच नव्हतं.

"बाबा, सगळे पास झाले! सुटलो!" मी म्हटलं.

"माल चांगलाय," ते म्हणाले. पण चेहरा असा की कुणीतरी त्यांच्या हातातलं काढून घेतलंय.

आता आधीच्या बाद मालाचं काय झालं तेही सांगते, कारण त्याचा ताप मलाच होता. बाबा रोज संध्याकाळी लाल बादली वर घेऊन यायचे. जुनी रीत! बाद माल घरी. नांगी सुटलेला खेकडा फ्रीजवर. चार हातांचा तारामासा आरशाच्या कोपऱ्यात. जेलीफिश दिव्याच्या वायरला, म्हणजे ताटात बघावं तर तिच्या सावलीचे हात फिरतायत. पाय निखळलेलं एक कासव न्हाणीघरात साबणाच्या शेजारी. मी दोनदा त्याच्यावर साबण ठेवला. आणि ठकीचा सात पायांचा ऑक्टोपस कुठे? बाबांच्या उशाशी, सासूबाईंच्या फोटोला टेकून. सासूबाईंनी जन्मभर ज्याला नाकं मुरडली, ते शेवटी त्यांच्या फोटोशेजारी येऊन बसलं.

शनिवारी ठकी आमच्या चिऊला खेळायला बोलवायला वर आली. दारातच थबकली. मग खोलीखोलीतून फिरली. मग बाबांच्या खोलीतून किंकाळी ऐकू आली, "हा माझा!"

मी धावत गेले. ठकी ऑक्टोपसकडे बोट दाखवत होती. "हा बाद होता ना? मग इथे कसा?"

आमची चिऊ बिस्कीट खात होती. खाता खाताच म्हणाली, "बाद झाला म्हणून तर इथे. बाद झालेलं आमच्या घरी येतं. आमचं सगळं बादच आहे. हे बघ कप." आणि तिने कपांची फळी दाखवली. ठकीने एकेक कप हातात घेऊन बघितला. मग काचेच्या कपाटाकडे वळून विचारलं, "आणि हे?"

"ते धड आहेत. ते परक्या माणसांना."

मी दारात उभी होते. हे चिऊला कुणी शिकवलं नव्हतं. तिला वाटतं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

ठकी धूम पळाली. दुपारी खाली खोलीत बघते तर पुन्हा रांग, आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःच केलेलं काहीतरी भयानक. शेपटी नसलेला मासा. पोट फाटलेला देवमासा. एका शहाण्याने तर नुसता मोजाच आणला होता. बाबांनी पहिला ऑक्टोपस दिव्यासमोर धरला आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"हा पाय मुद्दाम कापलाय. कात्री सरळ गेलीये. मुद्दाम केलेली चूक मी बाद करत नाही. घेऊन जा, नीट कर."

"आजोबा, प्लीज बाद करा ना!"

"नीट करून आण. मग चुकलं तर बाद करीन."

आता तो ऑक्टोपसवाला मुलगाच रडायला लागला! बाद केलं नाही म्हणून रडणारी मुलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मग सगळी पोरं खाली मान घालून बसली आणि जिवाच्या आकांताने नीट करायला लागली. अर्थात, नीट करायचं म्हटलं की चुकतंच. संध्याकाळपर्यंत बादली शिगोशीग भरली. बाबांचा घसा बसला होता आणि ते माझ्या लग्नानंतर प्रथमच शीळ घालत जिना चढले.

रविवार उजाडला. खालच्या खोलीत टेबलांवर निळं कापड, त्यावर हिरव्या ठिपक्यांचा समुद्र, एकदम पास. पाहुणे आले. आया नटून उभ्या. देवमाशाने पाणी उडवलं, ते पाहुण्यांच्या कोटावर उडालं. टाळ्या झाल्या. पाहुणे कोट पुसत म्हणाले, "वा! आता हे सगळं ज्यांनी केलं ते बालकलाकार कुठे आहेत?"

आया एकमेकींकडे बघायला लागल्या. खोलीत एकही मूल नव्हतं.

मुलं कुठे असणार? आमच्याकडे! बाबा स्टुलावर चढून बादलीतला माल टांगत होते आणि खालून सगळी पोरं हुकूम सोडत होती, "माझा तिथे नको, दिसत नाही!" दार सताड उघडं. सेक्रेटरीबाई तणतणत आल्या त्या उंबऱ्यातच थांबल्या, कारण एक जेलीफिश त्यांच्या केसांत अडकली. ठकी टेबलाखालून ओरडली, "आई, माझा ऑक्टोपस सगळ्यात आधी बाद झालाय! तो आजोबांच्या उशाशी झोपतो!"

सेक्रेटरीबाईंनी केसांतून लोकर सोडवली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. कुठलं काय. "मला पाहुण्यांपुढे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही," त्या बाबांना म्हणाल्या. "उद्यापासून खोलीला कुलूप. शिकलेल्या बाई येतील."

बाबा स्टुलावरून सावकाश उतरले. आता हे त्या खुर्चीत जाऊन बसणार, असं वाटून मी त्यांचा दंड धरायला पुढे झाले. तर खुर्चीत बसायला जागाच नव्हती. तिच्यावर कासवं वाळत घातली होती.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "सूनबाई, यांना चहा दे."

मी चहा केला आणि हाताला लागला तो डुगडुगता कप घेतला. बाबा मागून म्हणाले, "तो नको. कपाटातला काढ."

मी कपाट उघडलं. सासूबाईंचा तो धड, गुळगुळीत, सोनेरी काठाचा कप सेक्रेटरीबाईंच्या हातात दिला. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. राग कुठल्या कुठे! "अगंबाई, किती सुंदर! इतका जपून ठेवलेला कप, आणि माझ्यासाठी काढलात?" बाबांनी नम्रपणे मान तुकवली. चिऊने सांगायला तोंड उघडलं, तशी मी तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

खोलीला कुलूप लागलं, ते अजून आहे. शिकलेल्या बाई काही मिळाल्या नाहीत. मुलं दुपारची आमच्याकडे येतात आणि घरात पाय ठेवायला जागा नसते. ठकी तर जेवायलाही जात नाही. तिची आई बोलवायला येते, कपाटातल्या कपातून चहा पिते आणि खूश होऊन जाते.

पण त्या रविवारचं एक राहिलं. सगळे गेल्यावर मी माझा चहा ओतला. वाकड्या कानाचा कप हातात घेतला आणि नेहमीचा शेलका शब्द मनात आणला. तो येईना. मी तशीच कप घेऊन बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, हा कप मला का दिला होतात?"

"तुझाच आहे तो," बाबा म्हणाले. "तुमचं लग्न ठरलं त्या शनिवारी टोपलीतून काढून आणला. कान वाकडाय, पण ऐक." त्यांनी चहा भरलेल्या कपाला अलगद टिचकी मारली. "कुठे तडा नाही. असला कप फोडायला देतात होय?"

"मग आल्याबरोबर का नाही दिलात?"

"पहिले काही दिवस तू पाहुणी होतीस."

"इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत!"

"त्यात बोलायचं काय?" बाबांना खरंच आश्चर्य वाटलं. "कपच तर आहे."

मी न्हाणीघरात गेले. कासवाला बाजूला सरकवलं, नळ सोडला आणि त्याच कपासाठी दुसऱ्यांदा रडले.